‘सोंडच गेली हो, ताई!’

फुटलेल्या मूर्तीचा फोन पहिल्याच वाक्यात ओळखू येतो. रंग फिका आला, फेटा लाल सांगितला होता तो भगवा आला, अशी तक्रार असेल तर माणूस ऑर्डर नंबर सांगून सुरुवात करतो आणि आवाज चढलेला असतो. मूर्ती फुटली असेल तर आवाज उतरलेला असतो. ‘सोंडच गेली हो, ताई!’ एवढंच. ऑर्डर नंबर आपल्यालाच मागून घ्यावा लागतो.

पेणच्या एका गणपती कारखान्यात सीझनभर पार्सलच्या तक्रारी सांभाळणं हे माझं काम. पेण शहर आणि आसपासची हमरापूर, जोहे, कळवे ही गावं वर्षभर गणपतीच करतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पूर्वी गिऱ्हाईक स्वतः यायचं, घरचा पाट आधीच कारखान्यात ठेवून जायचं आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावरून मूर्ती न्यायचं. आता पुणे, बडोदा, इंदूर, बेंगळुरूहून मोबाइलवर फोटो पाहून मूर्ती ठरते आणि बाप्पा पुठ्ठ्याच्या खोक्यातून जातो. पाटावरून जाताना सोंड तुटली तर दोष कोणाचा, हे सगळ्या घराला डोळ्यांनी दिसायचं. खोक्याच्या बाबतीत ते शोधून काढावं लागतं.

त्यात आता आमच्या घरगुती मूर्ती बहुतेक शाडूच्या. प्लास्टर ऑफ पॅरिसवरून गेली काही वर्षं जो वाद चालला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचना आल्या, उच्च न्यायालयात फेऱ्या झाल्या, त्यानंतर घरचा गणपती शाडूचाच हवा असं म्हणणारे वाढले. पाण्याच्या दृष्टीने चांगलं झालं, माझ्या फोनच्या दृष्टीने नाही. प्लास्टर घट्ट बसतं, आत काथ्या असतो, वजनाला हलकं. शाडू म्हणजे कच्ची माती. ती भट्टीत भाजत नाहीत, सावलीत वाळवतात. हातात जड लागते म्हणून लोकांना ती दणकट वाटते. प्रत्यक्षात तिचा जड देह धक्का बसला की आपल्याच वजनाने स्वतःला तोडतो.

फोन आला की मी आधी फोटो मागवते. फुटलेल्या भागाचे जवळून दोन, आणि खोक्याच्या सहाही बाजूंचे. लोक मूर्तीचेच वीस फोटो पाठवतात, खोकं आधीच रद्दीत गेलेलं असतं. खरी साक्ष खोक्याची असते. कोपरा आत दबलेला असेल तर पार्सल त्या कोपऱ्यावर पडलंय. खोकं सगळीकडून कोरं करकरीत आणि आत सोंडेचं टोक निखळलेलं, तर मूर्ती आतल्या आत हलली. म्हणजे भरण कमी पडलं, दोष आमचा. बैठकीला आडवी चीर गेली असेल तर खोकं तळावर आदळलंय, आणि तेही चांगल्या उंचीवरून. आशीर्वादाच्या हाताची बोटं गेली असतील तर वरून दाब आला: एक तर खोकं उलटं ठेवलं, नाही तर त्याच्यावर दुसरी थप्पी रचली.

मग तुटलेली कड बघायची. ही नजर मला मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या आमच्या मावशींनी दिली. ताज्या तुटीची कड आतून बाहेरपर्यंत एकसारखी मातीच्या रंगाची आणि भुरभुरीत असते. कडेवर आतल्या बाजूला रंगाचा ओघळ दिसला, किंवा चिकट चकाकी दिसली, तर ती मूर्ती प्रवासात तुटलेली नाही. ती कारखान्यातच तुटली होती, कोणीतरी जोडली, वरून रंग मारला आणि पुढे सरकवली. असा फोटो आला की मी वाद घालत नाही. फोन खाली ठेवून डिस्पॅचच्या टेबलापाशी जाते आणि तिथे जे बोलायचं ते बोलते.

आणखी एक तक्रार दरवर्षी येते आणि तिच्यात काहीच तुटलेलं नसतं. ‘मूर्तीच्या पोटावर गोल गोल डाग पडलेत, देवी आल्यासारखे.’ हा बबल रॅपचा ठसा. पावसाळी हवेत रंगावरचं वार्निश वरून सुकल्यासारखं दिसतं, आतून ओलसर राहतं. त्यावर बबल रॅप घट्ट गुंडाळला आणि खोकं दोन दिवस बंद ट्रकमध्ये तापलं की प्रत्येक फुग्याचा शिक्का उमटतो. उपाय सोपा आहे. आधी मऊ कागद, मग बबल रॅप, आणि रंगकाम झाल्यावर मूर्तीला वेळ द्यायचा. श्रावणाच्या शेवटी वेळ कोणाकडे असतो?

पॅकिंगमध्ये कसूर का होते, याचं उत्तर हलगर्जीत कमी आणि कुरिअरच्या दरपत्रकात जास्त सापडतं. कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत, खोक्याचं आकारमानही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची. येईल ते वजन, आणि काट्यावरचं व हे यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे. समजा मूर्ती फूटभराची आहे आणि तिला ४५ बाय ४५ बाय ५५ चं खोकं घेतलं. हिशेब २२ किलोंच्या वर जातो. मूर्ती प्रत्यक्षात त्याच्या पाव वजनाचीही नसेल. तेच खोकं प्रत्येक बाजूने पाच-पाच सेंटिमीटर आत घेतलं, ३५ बाय ३५ बाय ४५ केलं, की हिशेब ११ किलोंवर येतो. भाडं निम्मं. आणि ते पाच सेंटिमीटर म्हणजेच मूर्ती आणि पुठ्ठा यांच्यामधली गादी. ‘फ्री शिपिंग’ची पाटी लावायची असेल तर पहिली कात्री तिथेच लागते. गिऱ्हाइकाला भाडं दिसतं, गादी दिसत नाही.

कुरिअरवाल्यांना सरसकट शिव्या घालण्यात मला रस नाही. आमचं पार्सल मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून निघतं, भिवंडीकडच्या एखाद्या हबमध्ये उतरतं, तिथून दुसऱ्या गाडीत चढतं, पुन्हा उतरतं. प्रत्येक चढ-उताराला एक माणूस असतो आणि त्याच्या डोक्यावर शेकडो खोकी असतात. ‘फ्रॅजाइल’चा स्टिकर बादल्यांवर आणि चपलांच्या खोक्यांवरसुद्धा लावतात, त्यामुळे तो वाचायचं सगळ्यांनी सोडून दिलंय. आमच्याकडे आता खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘श्री गणेशमूर्ती’ लिहितात आणि चारही बाजूंना गणपतीचं चित्र चिकटवतात. त्याला पाय लागू नये म्हणून तरी हमाल खोकं सरळ ठेवतो. लाल स्टिकरपेक्षा हे चित्र जास्त चालतं, असा आमचा अनुभव.

नुकसान कोणी सोसायचं हा पुढचा प्रश्न, आणि इथे सगळे हात वर करतात. बिल्टीवर बारीक अक्षरांत ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असतं. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आणि २०११ चे नियम आहेत. जादा जोखमीचा दर भरलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दसपटीपर्यंतच जाते. विमा काढला तर तोही ‘मरीन’ नावाने निघतो, मग माल समुद्र न बघता पनवेलहून नागपूरला जात असला तरी. आणि त्या पॉलिसीत अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे वाहतूकदार म्हणणार पॅकिंग कच्चं होतं, विमावाला म्हणणार पॅकिंग कच्चं होतं, आणि पॅकिंग करणारा म्हणणार तुम्ही आपटलंत.

या टोलवाटोलवीत गिऱ्हाइकाला ओढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने पैसे आम्हाला दिलेत, कुरिअर आम्ही निवडला. त्याचा तोटा आधी आम्ही भरायचा, कुरिअरशी नंतर आम्ही भांडायचं. ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही विकणाऱ्याला झटकून टाकू देत नाहीत. फुटका किंवा सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात ती निकाली काढावी लागते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मिक्सर आणि मोबाइल असणार. हरतालिकेच्या संध्याकाळी फोन केलेल्या माणसाला ४८ तासांनी पोच मिळाली, तर त्याचा दीड दिवसाचा गणपती तोवर विसर्जन होऊन गेलेला असेल.

इथेच मूर्तीची तक्रार कपबशीच्या तक्रारीपेक्षा वेगळी होते. कपबशीचे पैसे परत दिले की विषय मिटतो. मूर्ती फुटल्यावर घरात आधी शंका शिरते: हा अपशकुन तर नाही? बडोद्याच्या एका काकांशी झालेलं बोलणं नमुन्यादाखल सांगते.

‘काका, प्रतिष्ठा झालेली नाही ना? मग काळजी नको. अजून ती माती आहे. कोणत्याही गुरुजींना विचारा, दुसरी आणून बसवा असंच सांगतील.’

‘ते मला कळतं हो. पण हिने सकाळपासून अन्न घेतलेलं नाही.’

‘तुमच्याकडे जोडलेली चालते का?’

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि उत्तर गृहीत धरत नाही. काही घरांत बोटाचं टोक किंवा उंदराची शेपटी गेली असेल तर चालतं. त्यांना मी शाडूची पूड, गोंद आणि त्याच रंगाची डबी पाठवते, किंवा आमच्या मावशी व्हिडिओ कॉलवर बसून त्यांच्याकडून टोक बसवून घेतात. सोंड, मान, बैठक गेली असेल तर मी जोडायचं सुचवतही नाही. काकांकडे चालत नव्हतं.

‘मग दुसरी पाठवते. कुरिअरने नाही, बसने.’

पनवेल-कळंबोलीहून रात्री खासगी ट्रॅव्हल्स गुजरातेत जातात. पेणहून टेम्पोने तिथपर्यंत मूर्ती न्यायची, ड्रायव्हरच्या हातात द्यायची, गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा फोन गिऱ्हाइकाला कळवायचा. सकाळी काका थांब्यावर हजर. गणपती आहे म्हटल्यावर ड्रायव्हर खोकं डिकीत टाकत नाही, केबिनमध्ये ठेवतो. या मार्गाने गेलेली मूर्ती क्वचितच फुटते, कारण ती एकाच माणसाच्या ताब्यात असते. मोठ्या व्यवस्थेत हे बसत नाही, मला मान्य आहे. पण चतुर्थीच्या आधीच्या चार दिवसांत आमची व्यवस्था हीच.

फुटलेल्या मूर्तीचं काय करायचं, यावर कुरिअर कंपनीशी दरवर्षी खटका उडतो. त्यांचा क्लेम विभाग म्हणतो, माल मूळ पॅकिंगसकट ठेवा, आमचा माणूस पाहणीला येईल. माणूस येतो आठवड्याने. आणि सणाच्या तोंडावर भंगलेला गणपती घरात ठेवायला कोणतीही गृहिणी तयार नसते. मी गिऱ्हाइकांना सांगते, फोटो काढा, बैठकीखालच्या आमच्या नंबराचाही फोटो काढा, आणि मूर्ती बादलीत घरीच विरघळवा. कचऱ्यात टाकू नका आणि परतही पाठवू नका. यामुळे आमचे काही क्लेम बुडतात. बुडोत.

परदेशी मालाचं गणित निराळं. कंटेनर बोटीने जातो, म्हणून अमेरिका-युरोपचा माल चतुर्थीच्या कित्येक महिने आधी रवाना करावा लागतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातला मार्ग धोक्याचा झाल्यावर बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, तेव्हा तारखा आणखी मागे गेल्या. लाकडी पेटी वापरली तर लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो. ऑस्ट्रेलियात भाताचा पेंढा चालत नाही. पेण हा भाताचा मुलूख, पण पेट्या भरायला कागदाच्या कातरणी विकत आणाव्या लागतात. तिथली तक्रार आली तर दुसरी मूर्ती वेळेत पोहोचवणं शक्यच नसतं. म्हणून मोठ्या ऑर्डरीत आम्ही काही मूर्ती जास्तीच्याच भरतो आणि तिथल्या व्यापाऱ्याला सांगून ठेवतो.

अलीकडे बऱ्याच विक्रेत्यांनी अट घातलीय: खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही. मला ही अट पटत नाही. फसवणारे असतात, कोणी दुसऱ्याच मूर्तीचा फोटो पाठवतो. बैठकीखालच्या नंबराने तो लगेच पकडला जातो, आणि असे थोडेच. त्या थोड्यांसाठी सत्तरीतल्या मावशींनी एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात कात्री धरून खोकं उघडायचं? कधीकधी त्याच कसरतीत मूर्ती निसटते.

तुमच्याकडे यंदा पार्सलने गणपती येणार असेल तर एवढं करा. मूर्ती चतुर्थीच्या निदान आठ दिवस आधी हातात पडेल अशी मागवा. खोक्याचे सहा बाजूंनी फोटो काढा आणि ते आलं त्याच दिवशी उघडा. मुहूर्तावरच उघडू म्हणून हरतालिकेपर्यंत बंद ठेवू नका. पाहून झाल्यावर चेहऱ्यावर रुमाल टाकून ठेवली तरी चालते. काही तुटलं असेल तर खोकं टाकू नका आणि आधी विक्रेत्याला फोन करा. त्याने उडवाउडवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.