राजभवनाचा मूळ धनी

शहाजीराजांच्या वास्तव्यामुळे मराठी मनाला परिचित असलेल्या बेंगळुरूत, विधानसौधानजीकच्या उंचवट्यावर, वृक्षराजीने वेढलेली एक शुभ्र कोठी आहे. कर्नाटकच्या राज्यपालांचे निवासस्थान ते हेच. परंतु ती मुळात राजवास्तू नव्हे. सर मार्क कबन या अविवाहित लष्करी अधिकाऱ्याने ती १८४० ते १८४२ च्या सुमारास स्वतःला राहण्यासाठी बांधविली.

कबन हे मॅन बेटावरचे. १८०० साली ते मद्रासच्या सैन्यात दाखल झाले आणि पुन्हा मायदेशी म्हणून गेलेच नाहीत. १८३१ साली, नगर प्रांतातील रयतेच्या बंडानंतर, कंपनी सरकारने कृष्णराज वडियर तिसरे यांच्या हातून म्हैसूरचा कारभार काढून घेतला. १८३४ पासून १८६१ पर्यंत त्या राज्याचे कमिशनर कबन होते. त्यांची कचेरी किल्ल्यातील टिपूच्या लाकडी महालात भरे. तेथल्या दप्तरात कानडीबरोबर मराठीही चाले. दिवसाचे काम शत्रूच्या जुन्या महालात आणि विश्रांती टेकडीवरच्या या ऐसपैस कोठीत, असा तो क्रम होता.

खरी कसोटी लागली ती १८६० साली. म्हैसूरची देखरेख मद्रास सरकारकडे सोपविण्याचा हुकूम सुटला. पदच्युत महाराजांनी निषेध नोंदविला, आणि नवल असे की, ज्यांच्या हाती त्यांचे राज्य गेले होते ते कबनही त्यांच्याच बाजूस उभे राहिले व राजीनामा देण्यास सिद्ध झाले. हुकूम मागे घ्यावा लागला. परकी अंमलदाराच्या हातून घडलेले हे एक न्याय्य कृत्य म्हटले पाहिजे. अर्थात राज्य परत मिळण्यास मात्र १८८१ साल उजाडावे लागले, आणि तोवर कृष्णराज हयात नव्हते.

थकलेले कबन १८६१ साली स्वदेशी निघाले. २३ एप्रिल रोजी सुवेझ येथे त्यांचा अंत झाला; देह तेवढा मॅन बेटावर पोचला. पुढच्याच वर्षी त्यांचे उत्तराधिकारी ल्यूइन बाउरिंग यांनी ही कोठी सरकारसाठी विकत घेतली. १८८१ नंतर ती ब्रिटिश रेसिडेंटांची झाली व १९४७ पर्यंत तशीच राहिली.

कबन यांचा मारोचेत्तीने घडविलेला अश्वारूढ पुतळा २०२० साली उच्च न्यायालयासमोरून हलवून कबन उद्यानात आणण्यात आला. त्यांचे नाव मिरविणारे हे उद्यान १८६४ नंतरचे. त्यांनी ते कधी पाहिलेही नाही.