बुजलेल्या जलाशयाची साक्ष

उत्खनन आणि बांधकामावरील पुरातत्त्वीय देखरेख या दोन भिन्न गोष्टी होत. उत्खननात संशोधक शोधासाठीच भूमी खणतो. देखरेखीत मात्र खोदकाम दुसऱ्याच्या गरजेचे असते; संशोधक खड्ड्याच्या काठाशी उभा राहून मातीचे थर वाचतो आणि काही आढळताच काम थांबवून मोजमाप, रेखाचित्रे व छायाचित्रे घेतो.

रोममधील सान जोव्हान्नी येथे भुयारी रेल्वेच्या स्थानकासाठी खोदकाम चालू असता असाच एक प्राचीन जलाशय उजेडात आला. २०१४ मध्ये ही वार्ता जाहीर झाली. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या एका मळ्याचा हा जलाशय ३५ मीटर रुंद व ७० मीटर लांब असून त्यात ४० लाख लिटरहून अधिक पाणी मावत असे. तेथे पीच फळाच्या बियाही मिळाल्या. ओल्या गाळात हवा शिरत नसल्याने बिया व लाकूड कुजत नाहीत. ग्रंथांत न आलेले शेतकऱ्याचे जीवन असा गाळच जपून ठेवतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या स्थानकात प्रवाशांना या वस्तू पाहावयास मिळतात.

श्रोतेहो, आपल्याही नगरांत बुजविलेल्या तळ्यांवर इमारती उभ्या राहतात. पाया एकदा भरला की खालचे थर पुन्हा वाचता येत नाहीत. म्हणून जाणकाराने तेथे पहिल्या कुदळीपासूनच उपस्थित असावयास हवे.