ई-बुक स्वस्त हवं, पण किती?

आपल्या संभाजीनगरात साकेतसारखं प्रकाशन आहे, औरंगपुऱ्यात पुस्तकांची दुकानं आहेत. त्यामुळे छापील पुस्तकाचा खर्च इथल्या वाचकाला कळतो: कागद, छपाई, बांधणी, गोदाम आणि वितरकाचं कमिशन. ई-बुकमध्ये यातलं बहुतेक सगळं गळतं. लेखकाचं मानधन, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मात्र राहतंच.

मराठीत आणखी एक खर्च आहे, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जुनी पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये जुळवलेली. ती युनिकोडमध्ये आणली की जोडाक्षरं बिघडतात, मग अख्खं पुस्तक पुन्हा तपासावं लागतं. शिवाय कर! छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, पण ई-बुकवर आधी 18 टक्के होता. जुलै 2018 मध्ये तो 5 वर आला, तोही छापील आवृत्ती असेल तरच.

तरीही माझं ठाम मत आहे, ई-बुक स्वस्तच हवं. ते मित्राला वाचायला देता येत नाही, वाचनालयाला भेट देता येत नाही, जुन्या बाजारात विकताही येत नाही. वाचकाला हक्क कमी मिळतात, तर किंमतही कमी हवी. मला छापील किमतीच्या निम्मी रास्त वाटते. फुकटातली चोरटी पीडीएफ मात्र कृपा करून फॉरवर्ड करू नका.