मधुमेह, रक्तातील साखर व शरीरातील दाह

पायात काटा मोडला असता ती जागा लाल होते, सुजते, गरम होते व ठणकते. या लक्षणांस मिळून दाह म्हणतात. दाह हा मुळात रोग नव्हे. ते शरीराचे संरक्षणकार्य होय. जखमेकडे रक्ताचा ओघ वाढतो, श्वेतपेशी धावून येतात, जंतूंचा नाश करतात आणि काम आटोपताच दाह शमतो. मधुमेहात मात्र तो राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे सतत धुमसत राहतो.

याचे एक प्रमुख कारण रक्तातील वाढलेली साखर हे आहे. ती दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास शरीरातील प्रथिनांस चिकटते. अशी बिघडलेली प्रथिने रक्तवाहिन्यांच्या अस्तरास व श्वेतपेशींस चेतवितात आणि त्यांतून दाहकारक द्रव्ये स्रवू लागतात. विपरीत असे की, त्याच वेळी श्वेतपेशींची जंतू मारण्याची शक्ती उणावते. पहारेकरी आरडाओरड करतो, पण चोर त्याच्या हाती लागत नाही! त्यातच पायांची संवेदना मंदावते व रक्तपुरवठा घटतो. म्हणून अनवाणी चालणाऱ्या मधुमेही शेतकऱ्यास काटा टोचल्याचे कळत नाही, आणि जखम ध्यानात येते तेव्हा ती चिघळलेली असते.

हे चक्र उलटही फिरते. दाहकारक द्रव्ये इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतात व साखर अधिकच वाढते. हिरड्यांचा रोग हे याचे उत्तम उदाहरण होय. साखर अनावर असल्यास तो बळावतो. तो बळावल्यास साखर आवरत नाही. हिरड्यांवर योग्य उपचार केल्यास साखरही काहीशी उतरते, असे आढळले आहे.

साखरेवरील नियंत्रण एका दिवसाच्या तपासणीवरून कळत नाही. तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते. त्यांतील रक्तद्रव्यास चिकटलेली साखर मोजली असता मागील दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद मिळतो. या तपासणीस ‘एचबीए१सी’ म्हणतात. अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रुग्णांवर झालेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साखर काटेकोर आवरल्याने डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते, हे सिद्ध झाले. तथापि त्या रुग्णांत साखर एकाएकी फार उतरण्याचे प्रसंगही वाढले. यास्तव औषधाची मात्रा वैद्यकीय सल्ल्यावाचून वाढवू किंवा थांबवू नये. तसेच दाहास साखर हे एकच कारण नसते. स्थूलता व धूम्रपान हीही त्यास खतपाणी घालतात.

१४ नोव्हेंबर हा आपल्या शाळांतून बालदिन म्हणून साजरा होतो. १९२१ साली टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस असल्याने तोच जागतिक मधुमेह दिनही होय. त्या दिवशी पालकांस पुढील गोष्टी सांगाव्यात: मधुमेही व्यक्तीने रोज रात्री तळपाय पाहावेत अथवा घरच्यांकडून पाहवून घ्यावेत, अनवाणी चालू नये, दात दोन वेळा घासावेत, लहान जखमही दवाखान्यात दाखवावी. एखादे मूल वारंवार पाणी पीत असेल, लघवीस जात असेल व वाळत चालले असेल, तर शिक्षकांनी पालकांस त्याच दिवशी बोलावून त्याची रक्ततपासणी करविण्यास सांगावे. अशा मुलाच्या बाबतीत आठवड्याचा विलंबही जिवावर बेतू शकतो.