खेळामागची कला – भाग ६ : धक्का देता येत नाही तेव्हा

मागच्या भागात गेमची कथा कोण लिहितं ते पाहिलं. आज त्याहून अवघड प्रश्न घेऊ. माणसामाणसांतली आपुलकी गेममध्ये आणायची म्हणजे नेमकं काय करायचं? कादंबरीत पात्राच्या तोंडी चार वाक्यं घालता येतात. गेममधली तीच वाक्यं खेळाडू बटण दाबून झटक्यात पुढे सरकवतो आणि त्याला हवं तेच करतो. त्यामुळे जे मूल्य मानायचं, ते नियमांतच मुरवावं लागतं. याचं माझ्या मते सर्वांत चोख उदाहरण म्हणजे २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आलेला ‘जर्नी’.

शांघायहून अमेरिकेत शिकायला आलेला जेनोव्हा चेन आणि त्याची सहाध्यायी केली सँटियागो यांनी २००६ मध्ये दॅटगेमकंपनी सुरू केली. ‘जर्नी’ हा त्यांचा सोनीसाठीचा तिसरा गेम. वाळवंट, दूरवर एक डोंगर आणि झगा घातलेली एक आकृती. वाटेत इंटरनेटवरून दुसरा कुणी खेळाडू येऊन मिळतो. खेळताना त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, संदेशही पाठवता येत नाही. एक बटण दाबलं की आपली आकृती पाखरासारखी साद घालते, एवढीच भाषा. बटण जास्त वेळ धरलं, तर साद मोठी होते.

हे सगळं पहिल्याच फटक्यात साधलं नाही. सुरुवातीच्या आराखड्यात दोन आकृत्या एकमेकींवर आदळू शकत होत्या. कल्पना अशी, की अडथळा पार करताना एकाने दुसऱ्याला रेटा द्यावा. प्रत्यक्षात खेळणारे लोक सोबत्याला कड्यावरून खाली लोटू लागले! चाचणीला बोलावलेली ही चांगली साधी माणसं, बनवणाऱ्यांपैकीही काही जण तेच करत होते. चेनने पुढे सांगितलं, की एका बालमानसतज्ज्ञाशी बोलल्यावर त्याला उलगडा झाला. नव्या जगात आलेला खेळाडू तान्ह्या मुलासारखा असतो. चांगलं-वाईट त्याला ठाऊक नसतं; ज्या कृतीला जास्तीत जास्त प्रतिसाद मिळतो, ती तो पुन्हा पुन्हा करतो. सोबती कड्यावरून कोसळला, की प्रतिसाद भरपूर मिळतो. चालताना थोडा हात लागला तर काहीच होत नाही.

यावर ‘असं करू नका’ अशी पाटी लावणं सोपं होतं. त्यांनी धक्काच काढून टाकला. आकृत्या एकमेकींच्या आरपार जाऊ लागल्या आणि त्याच्या बदल्यात स्पर्शाला फळ दिलं. प्रत्येकाच्या गळ्यात एक स्कार्फ असतो. त्यातल्या प्रकाशाच्या बळावर उडता येतं. सोबती जवळ आला, की तो स्कार्फ भरतो, दोघांचाही. पुढे बर्फाच्या टप्प्यात थंडीने स्कार्फ गोठत जातो, तेव्हा खेळाडू आपोआप एकमेकांना चिकटून चालतात. त्यांना तसं करायला कुणीही सांगितलेलं नसतं. वाटणीचंही तसंच. सुरुवातीला एकाने उचललेली वस्तू दुसऱ्याला मिळत नसे, म्हणून सोबतीऐवजी चढाओढ लागे. तो नियम बदलला आणि हेवा करायला कारणच उरलं नाही.

संगीतकार ऑस्टिन विंटरी या सगळ्यात अगदी सुरुवातीपासून होता. गेम तयार झाल्यावर त्याला चाली लावायला बोलावलं नव्हतं. त्यामुळे त्याचं संगीत खेळाडूच्या चालीबरोबर उलगडतं आणि चेलोचा एकटा सूर प्रवाशाच्या एकटेपणाशी जोडलेला राहतो. या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. दृश्य माध्यमांसाठीच्या संगीताच्या विभागात गेमच्या मूळ संगीताला मिळालेलं ते पहिलं नामांकन. या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. वर्षभरात संपवायचं ठरलेलं काम जवळपास तीन वर्षं चाललं आणि कंपनीची तिजोरी रिकामी झाली.

या गेमला शेवटचा हात मात्र खेळणाऱ्यांनी लावला, असं मी मानतो. दडलेली सगळी चिन्हं शोधून काढणाऱ्याला पांढरा झगा मिळतो. असे मुरलेले कित्येक खेळाडू पुन्हा सुरुवातीपासून खेळू लागले, नवख्या अनोळखी माणसाला गाठून त्याला साद घालत एकेका चिन्हापाशी नेऊ लागले. त्याचं वेगळं बक्षीस नाही, गुण नाहीत, नाव नाही; तरी ते थांबून वाट पाहत.

पुढच्या भागात : पुण्यात घडलेला गेम ‘राजी’.