गाडीची बॅटरी वारंवार उतरतेय? नवी घेण्याआधी व्होल्टेज मोजा

आलापल्ली-भामरागड रस्त्यावर जंगलात गाडी थांबली आणि पुन्हा सुरूच झाली नाही, तर मोठी पंचाईत होते. वाटेत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे निघण्याआधी साध्या मल्टिमीटरने बॅटरी तपासलेली बरी.

चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, बॉनेटखाली तर त्याहून जास्त. या उष्णतेत बॅटरीतील पाणी उडते, शिशाच्या प्लेट लवकर गंजतात. बिघाड मात्र अनेकदा डिसेंबरच्या गार सकाळी उघड होतो आणि दोष थंडीच्या माथी जातो!

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. चार्ज असूनही सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी थकली आहे.

खरी गफलत पुढे होते. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा १२.५ च्या आसपासच अडकला तर संशय अल्टरनेटरवर किंवा त्याच्या बेल्टवर घ्या. अशा गाडीत नवी बॅटरीही उतरणारच. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा मोजा.

सगळे आकडे ठीक, तरी सकाळी बॅटरी उतरलेली? बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस रात्रभर करंट खात असू शकतो. आणि हो, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी आधी साफ करा. कित्येकदा बिघाड तेवढाच असतो.