केकची गुंडाळी का तडकते?

कागदाची सुरळी सहज होते. जाड पुठ्ठा वळवून पाहा, बाहेरच्या बाजूला चीर पडते. जॅम घालून गुंडाळलेल्या केकची, म्हणजे स्विस रोलची, अडचण हीच आहे. समजा, केकचा थर १.५ सेंमी जाडीचा आणि आतल्या वळणाची त्रिज्या २ सेंमी आहे. अर्ध्या वळणात आतला कंस सुमारे ६.३ सेंमी, तर बाहेरचा ११ सेंमी भरतो. सपाट असताना दोन्ही बाजू सारख्याच होत्या! म्हणजे बाहेरची बाजू ताणली आणि आतली दबली गेली पाहिजे.

हे जमते अंड्यांच्या फेसामुळे. ३ अंडी व ७५ ग्रॅम साखर घट्ट, पांढुरका फेस येईपर्यंत घुसळा. मग ७५ ग्रॅम मैदा हलक्या हाताने मिसळा. बेकिंग पावडर नकोच. कागद घातलेल्या पसरट ट्रेमध्ये २०० अंश सेल्सियसला ८ ते १० मिनिटे पुरेत. जास्त भाजलात तर कडा कोरड्या पडतात आणि चीर तेथूनच सुरू होते.

आता मात्र घाई करा. (ट्रे काढायला घरातील मोठ्यांना बोलवा.) गरम केक साखर भुरभुरलेल्या कापडावर पालथा घाला, कागद सोडवा आणि कापडासकट गुंडाळा. गरम असताना मैद्यातील स्टार्च मऊ असतो. कोंडलेल्या वाफेने पृष्ठभागही ओलसर राहतो. थंड होताना स्टार्च घट्ट होतो, तो वळलेल्या आकारातच. नंतर गुंडाळी हळूच उलगडा, अननसाचा जॅम पसरा आणि पुन्हा वळा.

ताजी फळे का नकोत? साखर त्यांचा रस बाहेर ओढते आणि केक भिजून फाटतो. जॅममधील पाणी पेक्टिनच्या जाळ्यात अडकलेले असते.